अक्षर वाचणाऱ्यासाठी

तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघते तेव्हा वाटेत काटेवाडीला पायघड्या घातल्या जातात, मेंढ्यांचे रिंगण होते. त्या गर्दीतल्या वयस्क वारकऱ्याला ‘पिण्याचे पाणी’ ही पाटी चालता चालता, लांबूनच वाचता आली पाहिजे. अक्षररचनेचे सगळे नियम या एका गरजेतून समजून घेता येतात.

पहिला आकार. संगणकावर अक्षर पॉइंटमध्ये मोजतात. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. देवनागरीत याच मापात वरच्या मात्रा-रफार आणि खालचे उकारही बसवावे लागतात. म्हणून त्याच पॉइंटचे मराठी अक्षर रोमन अक्षरापेक्षा बरेचदा बारीक दिसते. दुसरे, ओळींमधले अंतर. ते कमी पडले की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला भिडतो. छापखान्यात खिळे जुळवायच्या काळात ते टाळायला ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालत. तिसरी, रंगांची तफावत. हिरव्यावर लाल अक्षरे भडक वाटतात, पण दोन्ही रंग सारखेच गडद असतील तर दुरून मजकूर हरवतो. पांढऱ्यावर काळे किंवा पिवळ्यावर काळे नीट उठून दिसते. चौथी, मोकळी जागा. ती वाया गेलेली नसते. नजर कुठे थांबावी हे तीच सांगते.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने १९व्या शतकातच देवनागरी खिळ्यांच्या घडणीकडे बारकाईने लक्ष दिले. पुढे र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी ‘मंगल’ हा टंक (फॉन्ट) घडवला. आज टंक फुकट मिळतात, फ्लेक्स तासाभरात छापून होतो. पण जागा भरायची म्हणून अक्षर आडवे ताणले जाते. मग दांड्या जाडावतात, शिरोरेषा तेवढीच राहते आणि अक्षराचा तोल जातो.

गावात अशा निष्काळजी अक्षररचनेची खरी किंमत ग्रामसभेच्या नोटिशीत मोजावी लागते. विषय, तारीख, वेळ आणि ठिकाण एकाच मापात, एकाच परिच्छेदात कोंबले, तर अडखळत वाचणारी बाई ते अर्ध्यावर सोडते आणि तिच्या पाण्याचा, रस्त्याचा निर्णय तिच्याविना होतो. तारीख-वेळ ठळक, विषय वेगवेगळ्या ओळींत, कडेला पुरेसा समास, एवढे केले तरी ती नोटीस तिची होते. त्याला जादा पैसा लागत नाही. म्हणून ग्रामपंचायतीत नोटीस टंकणाऱ्याला आणि फ्लेक्स छापणाऱ्याला आकार, अंतर, रंग आणि मोकळी जागा या चार गोष्टी शिकवल्या पाहिजेत. नोटीस भिंतीवर लावल्याने कायद्याचे काम भागेल. लोकशाहीचे काम ती वाचली गेल्यावरच होते.