तुऱ्याखालचे डोके

‘पनाश’ हा शब्द इंग्रजीने फ्रेंचकडून घेतला. आज त्याचा अर्थ ऐटबाज धाडस. मूळ अर्थ मात्र शिरस्त्राणावरचा पिसांचा तुरा. १५९० साली इव्रीच्या लढाईत फ्रान्सचा राजा चौथा हेन्री पांढरा तुरा लावून लढला, अशी ख्याती आहे. आपल्या सैनिकांना दिसणारा तुरा शत्रूलाही दिसणारच! पुढे एदमाँ रोस्ताँचे ‘सिरानो द बर्जराक’ हे नाटक १८९७ मध्ये याच शब्दावर संपले, आणि पिसांचे नाव वृत्तीला मिळाले.

आपला ‘तुरा’ही मूळचा अरबी. आमच्या बेळगाव-निपाणीकडे तो मराठी आणि कानडी, दोन्ही फेट्यांवर डोलतो. कलगी-तुऱ्याचे फडही दोन्ही भाषांत रंगले. तिथे नुसती ऐट भागत नाही. भर फडात आलेल्या सवालाला भर फडातच जबाब द्यावा लागतो.

मग ऐट करावी की नाही? मला वाटते, तुऱ्याखाली काय आहे ते आधी पाहावे. उसाला तुरा आला म्हणून निपाणीकडचा शेतकरी हरखत नाही. वाढ थांबली, आता तोड लांबली तर दशी पडून वजन घटणार, हे तो जाणतो.

भाषेचा अभिमान आपण सीमाभागातली माणसे फेट्यावर मिरवतो. जरूर मिरवावा. पण घरातल्या मुलाला आजीचे पत्र वाचता येत नसेल, तर तो तुरा हेन्रीचा नव्हे, उसाचा म्हणायचा.