शिक्षा आणि शिक्षण

संस्कृतांत ‘शिक्षा’ म्हणजे शिकणें-शिकवणें. मराठींत तिचा अर्थ दंड असा झाला. या अर्थांतरांतला मनुष्यस्वभाव स्पॅनियलचें पिलूं घरीं आणणाराला पहिल्याच आठवड्यांत दिसतो. ८ आठवड्यांच्या पिलाला मूत्रवेग आवरत नाहीं. त्यानें सतरंजी भिजविली आणि घटकाभरानें धन्यानें त्याला मारलें, तर अपराध त्याला कळत नाहीं. धन्याचा हात तेवढा भयंकर वाटूं लागतो. मग हा दंड कोणासाठीं? धन्याच्या रागासाठीं! पिलासाठीं असतें तें शिक्षण: झोपेंतून उठतांच, खाणें होतांच त्याला अंगणांत न्यावें, विधि उरकतांच गोंजारावें. याचा अर्थ नुसते लाड करावे असा नव्हे. दांत लावतांच खेळ थांबविणें हीहि मर्यादाच. परंतु ती त्याला समजते. १९६१ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत १४ आठवडे मनुष्यसहवासाविना वाढलेलीं कॉकर स्पॅनियलचीं पिलें पुढेंहि माणसाला बुजतच राहिलीं. विश्वास जडण्याचा काळ असा थोडा आहे. तो भीति शिकविण्यांत दवडणाराला आज्ञाधारक दास कदाचित् लाभेल. सोबती लाभणार नाहीं.