खर्चाबाबत हुकूम नाही

मारतहळ्ळी हे नाव प्रथम कानी पडले तेव्हा त्यात एखादा मराठा दडला असावा, असा भाबडा भास आम्हांस झाला होता. तेथे राहणारे आमचे एक स्नेही, बदलीच्या नोकरीतलेच, मध्यंतरी भेटले आणि त्यांनी उच्च न्यायालयाचा एक निकाल आमच्या हाती ठेवला. त्यांच्या बहिऱ्या मुलीस एका अनुदानित शाळेने प्रवेश नाकारला होता. न्यायालयाने तो देवविला. शेवटचे वाक्य मात्र नेहमीचेच होते : खर्चाबाबत हुकूम नाही. "मुलीला शाळा मिळाली, हिच्या पाटल्या गेल्या," ते म्हणाले.

अशा शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, हे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातच आहे. मग जे देणेच होते, ते वसूल करण्याचा खर्च घेणेकऱ्याने का सोसावा? दिवाणी दाव्यात सामान्यतः जिंकणाऱ्यास खर्च मिळावा, तसे न केल्यास न्यायालयाने कारण लिहावे, असे 1908 च्या संहितेचे कलम 35 सांगते. रिट अर्जात सारे न्यायालयाच्या विवेकावर. दिव्यांगांस, उत्पन्न न पाहता, मोफत वकील देण्याची तरतूद 1987 च्या कायद्यात आहे. ती स्नेह्यांस ठाऊक नव्हती. आम्हांसही नव्हती, हे लाजत कबूल करतो.

अमेरिकेत 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा पालकांस वकिलाची फी नाकारली, तेव्हा दोनच वर्षांत तेथील काँग्रेसने कायदा करून ती देवविली. तज्ज्ञांची फी मात्र 2006 च्या निकालाने पुन्हा पालकांच्याच माथी बसली.

शाळेने ही फी भरली तर तो पैसा इतर मुलांच्या वाट्याचा जाईल, हा आक्षेप पोकळ नाही. पण नकार लढविण्यासाठी शाळेने वकील दिला, तेव्हाही तो पैसा त्याच मुलांचा होता. तेव्हा कोणी हळहळले नाही! सरकारी कचेऱ्यांचे तर विचारूच नये. नकाराच्या टिपणीवर सही करणाऱ्याच्या खिशास तोशीस नाही. त्याचा वकील तिजोरीतून येतो, आणि त्या तिजोरीत समोरच्या बापाचाही कर असतो.

हे आम्ही बोललो तेव्हा स्नेही गप्प झाले. "न्यायालयात जाऊ द्या" असा शेरा आपण नोकरीत किती वेळा मारला, हे ते बराच वेळ आठवीत बसले. आकडा काही त्यांना सापडला नाही. आम्ही आमचा मोजला नाही.