कावळ्याची हुशारी

पुण्याच्या खडकी बाजारात पावाचा वाळका तुकडा मिळालेला कावळा कधी नीट पाहिलाय? तो घाईनं गिळत नाही. जवळच्या पाण्यात तुकडा बुडवतो, मऊ झाला की पायाखाली दाबून खातो. उरलेला कौलांच्या फटीत दडवतो.

२००६ साली अमेरिकेत सिअ‍ॅटलला संशोधक जॉन मार्झलफ यांनी मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कलकलाट करत. कधीच न पकडलेलेसुद्धा! म्हणजे धोक्याची खबर एकाकडून दुसऱ्याकडे पोचली होती. केवढी ही समज!

आपण मात्र पितृपक्षात कावळ्याची वाट पाहतो आणि एरवी हुसकावतो. आज गच्चीवर पाण्याचं पसरट भांडं ठेवा, आणि थोडं लांब उभं राहून पाहा.