दुःखाचा अर्थ कोणी सांगावा?

दुःखातून श्रद्धा सापडते, असे ख्रिस्ती परंपरा फार जुन्या काळापासून सांगत आली आहे. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ याच विचारावर उभा आहे. पण हे वाक्य वर्धा जिल्ह्यात उच्चारायचे तर जपून उच्चारावे लागते. कापसासाठी कर्ज काढायचे, मग नापिकी आणि पडलेले भाव यांच्या कात्रीत सापडायचे, हा फेरा असह्य होऊन विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी जीव दिले, त्यांत वर्धा आहे. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग याच जिल्ह्यातल्या वायफडला येऊन गेले आणि त्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. अशा एखाद्या घरी जाऊन, मागे राहिलेल्या बाईला ‘हे दुःख तुला देवाजवळ नेईल’ असे सांगणारा कितीही भाविक असला, तरी तो तिचा अपमानच करतो. म्हणून माझे म्हणणे असे आहे: दुःखातून श्रद्धा मिळू शकते, पण तसे म्हणण्याचा अधिकार भोगणाऱ्याचाच आहे. शेजारी असलेल्याने दुःखाचा अर्थ सांगायचा नसतो, भार उचलायचा असतो. उपवासकाळ नीट वाचला तर त्याची शिकवणही हीच निघते.

ती तशी निघते हे आधी दाखवायला हवे, कारण वरवरची समजूत उलट आहे. चाळीस दिवस खाणेपिणे आवरायचे, क्रुसाची वाट चालायची, पापांची कबुली द्यायची. यावरून वाटते की देहाला जितका क्लेश तितका देव जवळ. वर्धा जिल्हा सीरो-मलबार परंपरेच्या चांदा धर्मप्रांतात मोडतो. त्या परंपरेत हा काळ सोमवारी सुरू होतो, तर रोमन परंपरेत राखेच्या बुधवारी. पण दोन्हीकडे उपवास हा स्वतः होऊन पत्करलेला क्लेश आहे. तो केव्हाही सोडता येतो. कर्ज, कुष्ठरोग, मुलाचा मृत्यू हे सोडता येत नाहीत. पत्करलेल्या क्लेशाचे नियम लादलेल्या दुःखाला लावणे हीच पहिली चूक, आणि चर्चने या काळासाठी निवडलेले उतारे ती चूक होऊ देत नाहीत. रोमन विधीच्या तीन वर्षांच्या चक्रात एका रविवारी शिलोहाच्या बुरुजाचा प्रसंग वाचतात: बुरूज कोसळून १८ माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी होती का, या प्रश्नाला येशू स्पष्ट नकार देतो. दुसऱ्या एका वर्षी योहानाच्या शुभवर्तमानातला जन्मांध येतो. पाप त्याचे की आईबापाचे, असे शिष्य विचारतात, आणि येशू दोन्ही पर्याय नाकारतो. लक्षात घेण्याजोगे पुढेच आहे. दृष्टी येताच त्या माणसाच्या मुखी श्रद्धेची कबुली येत नाही. लोक त्याला सभास्थानातून हाकलून देतात, येशू त्याला शोधत पुन्हा येतो, आणि त्या भेटीत ती कबुली येते. म्हणजे श्रद्धेचे निमित्त दुःखही नाही आणि चमत्कारही नाही. वाळीत पडलेल्याला कोणीतरी शोधत आले, हे निमित्त.

दुःखाचा अर्थ बाहेरून लावण्याचा मोह भल्याभल्यांना सुटलेला नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वराने दिलेली शिक्षा, असे गांधींनी म्हटले. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला जाहीर विरोध केला, आणि गांधींनी तो विरोध आपल्या ‘हरिजन’ पत्रात छापून उत्तर दिले. हेतू उदात्त होता, अस्पृश्यता हे पाप होतेच. तरीही अर्थ चुकलाच. कारण त्या ढिगाऱ्याखाली अस्पृश्यता पाळणारे सापडले तसे ती सोसणारेही सापडले. ज्यांनी अन्याय भोगला त्यांनाच त्या अन्यायाची शिक्षाही भोगायला लावणारा देव कोणाच्या श्रद्धेला पात्र ठरेल?

याच गांधींचे याच विषयावरचे दुसरे उत्तर वर्ध्याजवळ मिळते, आणि ते शब्दांत नाही. येरवडा तुरुंगापासून त्यांना ओळखणारे संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने खंगून १९३९ मध्ये गांधींच्या तिथल्या आश्रमात आले. तेव्हा खात्रीचे औषध नव्हते आणि संसर्गाची धास्ती सगळीकडे होती. गांधींनी त्यांच्यासाठी आपल्या कुटीजवळ झोपडी बांधवली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केले. शास्त्रींना हा रोग का झाला, याची मीमांसा तिथे कोणी केली नाही. गांधी ख्रिस्ती नव्हते. १९३१ साली रोममध्ये क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या मूर्तीसमोर ते हेलावून उभे राहिले होते, एवढे मात्र सर्वश्रुत आहे. उपवासकाळाच्या उताऱ्यांतून जो धर्म निघतो, त्याच्याशी १९३४ चे वक्तव्य जुळत नाही, १९३९ ची कृती जुळते. शास्त्रींना त्यातून श्रद्धा मिळाली की आधीचीच टिकली, हे ठरवणे आपले काम नव्हे. नाहीतर आपणही बिहारचीच चूक करू.

‘दुःखातून श्रद्धा’ हे वाक्य प्रथमपुरुषातच खरे असते, याला खुद्द कॅथलिक शिकवणीचा आधार आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर १९८१ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या. १९८४ मध्ये त्यांनी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर पत्र लिहिले. त्याची सुरुवात पौलाच्या वचनाने होते, आणि पौल तिथे स्वतःच्या यातनांविषयी बोलतो, दुसऱ्याच्या नाही. पत्र शेवटाकडे येते तेव्हा चांगल्या शोमरोन्याचा दाखला येतो: वाटेत जखमी पडलेल्याला पाहून थांबणारा, मलमपट्टी करणारा, खर्च उचलणारा. स्वतःच्या दुःखाबद्दल बोलताना साक्ष, दुसऱ्याच्या दुःखापाशी सेवा, अशी ही विभागणी आहे. ती उलटी केली की धर्म निष्ठुर होतो: आपल्या दुःखाला आपण मलमपट्टी मागतो आणि दुसऱ्याच्या दुःखाला अर्थ देतो.

यावर पहिला आक्षेप असा की मग देव कशाला हवा? सोबतीनेच काम होत असेल तर ती माणुसकी झाली, श्रद्धा नव्हे. आक्षेपात तथ्य आहे. सोबत देणाऱ्याला देव मानावाच लागतो असे नाही, आणि अनेक नास्तिकांनी भाविकांहून चांगली सेवा केली आहे. पण माणसाची सोबत एका टप्प्यावर थांबते. रात्रीच्या वेदनेत, मरणाच्या क्षणी कोणीच बरोबर जाऊ शकत नाही. ख्रिस्ती श्रद्धेचा दावा नेमका तिथला आहे: क्रुसावर ‘तू मला का सोडलेस’ असा टाहो खुद्द ख्रिस्ताच्या तोंडून निघाला, म्हणून त्या एकाकीपणातही माणूस एकटा नाही. हा दावा सिद्ध करता येत नाही. मात्र शेजाऱ्याच्या वागण्याने तो विश्वसनीय होतो किंवा पोकळ ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेने ढवळून निघालेल्या या मुलखात तो टाळताच येणार नाही. दुःखाला पवित्र ठरवले की अन्याय सोसण्याची सवय लागते. गेल्या जन्मीच्या कर्माचे फळ म्हणून दलितांना गप्प बसवले गेले, ते असेच. डॉ. आंबेडकरांना तर चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीतही माणसाची आशा खुडणारा सूर दिसला, आणि ती बुद्धाची मूळ शिकवण असेल का, असा प्रश्न त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत उभा केला. ख्रिस्ती माणसाने हा आरोप झटकू नये. क्रुसाचे नाव घेऊन गुलामांना आणि बायकांना सोसायला शिकवल्याचा इतिहास आहे. पण उपवासकाळाच्या अगदी पहिल्या शुक्रवारी, राख लावून दोनच दिवस झालेले असताना, यशयाचा ५८ वा अध्याय वाचतात, आणि त्यात देव उपवासालाच धारेवर धरतो: जोखड मोडा, भुकेल्याला जेवू घाला, तो माझा उपवास. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे काम करणारे जे. सी. कुमारप्पा यांनी ख्रिस्ती धर्म असाच वाचला. येशूच्या शिकवणीवरचे त्यांचे पुस्तक ४२ नंतरच्या तुरुंगवासातले आहे, आणि त्याच कारावासात त्यांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेचा विचारही मांडला. कुष्ठरोगाचेही तेच. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला काम सुरू केले, आणि परचुरे शास्त्रींचे अखेरचे दिवस तिथेच गेले. पुढे १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघाले आणि गावोगाव पाहणी, शिक्षण व औषधोपचार ही पद्धत तिथून रुजली. मालिश करणाऱ्या हातांनी गोळी येताच गोळी दिली. जे दुःख हटवता येते ते हटवायचे; न हटणाऱ्या दुःखातच सोबतीचा प्रश्न उरतो.

तिसरा आक्षेप अनुभवाचा: दुःखाने अनेकांची श्रद्धा मोडते. मोडते, आणि ते नाकारणे खोटेपणाचे होईल. पण उपवासकाळाने या मोडण्यालाही जागा ठेवली आहे. उत्तम शुक्रवारी रोमन परंपरेतल्या कोणत्याही चर्चमध्ये मिस्सा होत नाही, वेदी उघडी असते. ईयोबाच्या ग्रंथात देवाची बाजू घेऊन दुःखाचे समर्थन करणाऱ्या मित्रांनाच देव शेवटी फटकारतो, आणि भांडणाऱ्या ईयोबाला खरा ठरवतो. त्यामुळे देवाशी भांडणाऱ्याला श्रद्धाहीन म्हणण्याची घाई बायबलच्या विरुद्ध जाते.

तेव्हा उपवासकाळात किती जेवणे सोडली याला फारसे महत्त्व नाही. सोडलेल्या जेवणाचे पैसे आणि वेळ कोणाकडे गेले, हे विचारावे. कर्जात बुडालेल्या घराला त्या चाळीस दिवसांत कोणी बँकेचे कागद वाचून दिले, कोणी पेरणीला हात लावला, की सगळेच प्रवचन देऊन परतले? त्या घरातली बाई उद्या म्हणाली की या दुःखात मला देव भेटला, तर ते मान खाली घालून ऐकावे. आणि ती म्हणाली की मला तो भेटलाच नाही, तर तेही तितक्याच आदराने ऐकावे आणि तिच्या कामाला लागावे.