परोपकाराचा खर्च कोणाच्या नावे?

गावातील वडीलधारा माणूस गेला म्हणजे गाव त्याचे गुण आठवू लागते. कोणाला अडीअडचणीत धान्य दिले, कोणाचा बांधाचा तंटा मिटविला, कोणाच्या मुलीच्या लग्नात उभा राहिला, हे सांगताना सांगणाऱ्याचा कंठ दाटून येतो. माजघरात बसलेल्या त्याच्या पत्नीस मात्र कोणी विचारीत नाही की, बाई, ते धान्य कोणत्या कणगीतून गेले? परोपकाराचे पुण्य एकाच्या नावे जमा होते आणि त्याचा खर्च पुष्कळदा दुसऱ्याच्या नावे पडतो. हा हिशेब न्यायाचा आहे काय, हा प्रश्न श्रीगाडगेबाबांचे चरित्र वाचताना मनातून जात नाही.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म १८७६ सालचा, अमरावती जिल्ह्यातील एका खेड्यात, परिटाच्या घरी. वडील व्यसनापायी अकाली गेले. डेबू मामाच्या घरी दापुरे गावी गुरे राखून व शेत कसून वाढला. सावकारी कर्जाची झळ त्याने त्या घरात डोळ्यांनी पाहिली. मुलीच्या बारशाला मांस व दारू यांची पंगत घालण्याची जातीची रूढी त्याने मोडली आणि गोडाचे जेवण घातले. पुढे १९०५ च्या फेब्रुवारीत पत्नी कुंताबाई व मुले यांना मागे ठेवून हा कर्ता पुरुष घराबाहेर पडला.

त्यानंतरची कथा सर्वांस ठाऊक आहे. अंगावर चिंध्या, हातात खराटा, खाण्यापिण्यास मडक्याचे खापर. गावात शिरावे, आधी रस्ते व गटारे झाडावीत, मग रात्री कीर्तनास उभे राहावे, असा क्रम. पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे घाट झाला; पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपुरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. आंबेडकरांचे निर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले आणि पुढे चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावनजीक बाबांनीही देह ठेवला.

एवढ्या वास्तू ज्याने उभारल्या, त्याने आपल्या कुटुंबास त्यांतील एक खोलीही दिली नाही. घरची माणसे झोपडीत राहिली. बाबांचे भक्त ही गोष्ट अभिमानाने सांगतात आणि त्यात तथ्यही आहे. मुलांना आज एक खोली दिली असती, तर उद्या ती वडिलार्जित मिळकत झाली असती. सार्वजनिक पैशाचे काय होते, हे देवस्थानांच्या कारभाराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना मी नव्याने सांगावयास नको. म्हणून मिळकतीच्या बाबतीत बाबांची कठोरता मला सर्वथा योग्य वाटते.

परंतु घर सोडण्याची गोष्ट निराळी आहे. आपल्या परंपरेलाही हा प्रश्न टोचलेला आहे. ज्ञानेश्वर माउलींचे वडील विठ्ठलपंत काशीस जाऊन संन्यासी झाले. पण मागे रुक्मिणीबाई आहेत हे कळताच गुरूंनी त्यांना परत पाठविले, अशी कथा आहे. पत्नीच्या खऱ्या संमतीवाचून घेतलेला संन्यास गुरूंनाही मान्य झाला नाही. याज्ञवल्क्यानेही घर सोडण्यापूर्वी मैत्रेयी व कात्यायनी यांची वाटणी करून देण्याचे काढले होते. बाबांनी विधिपूर्वक संन्यास घेतला नव्हता. त्यांना मोक्षही नको होता. कोणी म्हणेल, हजारो उपाशी मुलांपुढे आपल्या दोनचार मुलांचा विचार तो किती? हा युक्तिवाद मला पटत नाही. स्वतःच्या सुखाची आहुती देण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. दुसऱ्याच्या सुखाची आहुती द्यावयाची तर त्याला निदान विचारावे लागते. कुंताबाईंना कोणी विचारले असेल, असे वाटत नाही.

याने बाबांचे मोठेपण उणे होते, असे मी म्हणत नाही. त्या धर्मशाळांत ज्यांच्या आजारी माणसांना आसरा मिळाला, त्यांच्यापुढे माझी ही शंका उच्चारताना मलाच संकोच वाटेल. मात्र त्या कार्यात कुंताबाईंचा वाटा होता, आणि तो त्यांच्या नावे कोठेही लिहिला गेला नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. बाबांच्या त्यागास आपण तप म्हणतो. तीच उपासमार झोपडीत राहून काढणाऱ्या बाईच्या वाट्याला तो शब्द येत नाही.

१९२३ साली बाबांचा मुलगा गोविंदा गेला. ती वार्ता आली तेव्हा बाबा कोकणात कीर्तनाला उभे होते. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. ही हकीकत आपण अनेक कीर्तनांतून ऐकली आहे आणि दर वेळी श्रोत्यांचे डोळे पाणावलेले पाहिले आहेत. त्या दिवशी गोविंदाची आई काय करीत होती, हे मी अद्याप कोणत्याही कीर्तनात ऐकलेले नाही.