नातवाचा वाटा

दुधापेक्षा दुधावरच्या सायीला अधिक जपावे, असे आपल्याकडे म्हणतात. पण दूध आणि साय दोन्ही न्यू जर्सीत आणि जपणारे हात देगलूरला, अशी स्थिती झाली तर काय करावे? हा प्रश्न आता पुण्यामुंबईच्या घरांपुरता राहिलेला नाही. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातली मुलेही शिकून हैदराबादेस जातात आणि तेथून समुद्रापार.

यावरचे नेहमीचे उत्तर असे की, तिकडे मुलांना मराठी शिकवावी, सणवार करावेत. त्यासाठी अमेरिकेत १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. सुटीच्या दिवशी पालक स्वतः मराठी शाळा चालवतात. मी शिक्षक; शाळेला कशी नावे ठेवू? परंतु आजीची उणीव ही खरोखर भाषेचीच उणीव आहे काय? देगलूरकराला तसे वाटणार नाही. १९५६ साली हैदराबाद राज्याची भाषेप्रमाणे वाटणी झाली. निजामाबाद आंध्रात गेले, बिदर म्हैसुरात आणि आम्ही मुंबई राज्यात. सोयरिकी काही नकाशा पाहून तुटल्या नाहीत. तेलुगू बोलणारी नातवंडे मराठी आजीच्या मांडीवर वाढली, आणि दोघांचेही काही अडले नाही.

मग हरवते ते काय? घरात आजी-आजोबा असले म्हणजे मूल नुसते घेत नाही, देतही असते. आजोबांचा चष्मा शोधायचा, आजीला सुईत दोरा ओवून द्यायचा, रस्त्यात तिच्या चालीने चालायचे. आपल्यावाचून कुणाचे तरी अडते, हे चार वर्षांच्या पोराला येथेच प्रथम कळते. फोनच्या पडद्यावरची आजी मात्र नेहमी हसरी असते. खोकला आला तर ती फोन बाजूला धरते. नातू गाणे म्हणतो, ती वाहवा करते, संपले. माया उदंड असते, पण ती एकाच बाजूने वाहते.

आईवडिलांच्या चरितार्थासाठी आपल्याकडे २००७ साली कायदा झाला. त्यात मुलांबरोबर नातू-नातही जबाबदार धरली आहेत. वगळले आहे ते फक्त अज्ञान मुलांना. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण जी जाणीव पुढे कायद्याने मागायची, ती अज्ञान वयातच रुजली नाही तर मोठेपणी कोठून उगवणार?

परदेशी जाणे हे पाप नव्हे. आमच्या मराठवाड्यातले ऊसतोड कामगार पोरे आजीजवळ ठेवून महिनोन् महिने बाहेर राहतात. त्यांना निर्दय कोण म्हणेल? पोट माणसाला हिंडवते. परंतु अंतर वाढले म्हणून नातवाच्या वाट्याचे काम काढून घेण्याचे कारण नाही. देगलूरला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे साडेआठ किंवा साडेनऊ असतात. रविवारी त्या वेळी 'आजी, गोळी घेतलीस का?' एवढे विचारण्याचे काम मुलाकडे द्यावे. आईने आठवण करू नये. आजीनेही गुडघा दुखतो हे त्याच्यापासून लपवू नये. आपले दुखणे झाकून आपण मुलांना सुख देत नाही, परके करतो.

आणि आजी तिकडे गेलीच, तर पाहुणी म्हणून तिला एका वेळी साधारण सहा महिन्यांपर्यंत राहता येते. तेवढ्यात केवळ तिने नातवाला सांभाळावे, असे नाही. तेथल्या दुकानांवरच्या पाट्या तिला वाचता येत नाहीत, त्याला येतात. रस्ता ओलांडताना त्याने तिचा हात धरावा.

यंदा दिवाळीचा फराळ परदेशी पाठवताना डब्याबरोबर नातवासाठी एखादे लहानसे कामही पाठवावे. लाडू दोन दिवसांत संपतील. काम असले तर तो पुन्हा आजीकडे येईल.